विकच्या कार्डावरचं दूध: कुठलं, किती आणि कशाच्या बदल्यात

अमेरिकेत विकच्या (WIC या सरकारी पोषण योजनेच्या) कार्डावर दूध घेताना नव्या आयांची अडचण बहुतेक वेळा काउंटरवर होते. गॅलनचा कॅन स्कॅन होतो, मशीन नकार देतं आणि कॅशियर म्हणते, "हे यात बसत नाही." मागे रांग, कडेवर मूल. मग ते दूध तिथेच ठेवून लोक गुपचूप बाहेर पडतात किंवा खिशातून पैसे भरतात. पण कुठलं दूध मिळणार हे दुकानात ठरतच नाही. ते ठरतं विकच्या क्लिनिकमध्ये, न्यूट्रिशनिस्ट तुमच्या कार्डावर महिन्याचा कोटा चढवते तेव्हा. त्या भेटीत जे मागाल ते पुढचे काही महिने मिळतं. जे मागायचं राहिलं, ते दुकानात कितीही वाद घातला तरी मिळत नाही. म्हणून पुढचं सगळं शक्यतो त्या भेटीआधी वाचा.

आधी, आपण यात बसतो का?

विक ही गरोदर बाई, बाळंतीण, तान्हं मूल आणि पाच वर्षांच्या आतली मुलं यांच्यासाठीची केंद्र सरकारची पोषण योजना. १९७२ मध्ये ती प्रायोगिक म्हणून मंजूर झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये केंटकी राज्यातल्या पाइनव्हिल गावात पहिलं केंद्र उघडलं. पैसा कृषी खात्याचा, कारभार राज्यांचा. त्यामुळे मूळ नियम देशभर एक असले, तरी कुठला ब्रँड, केवढा कॅन, ऑरगॅनिक चालेल का, हे राज्याराज्यांत बदलतं. न्यू जर्सीतल्या मैत्रिणीला मिळालेलं दूध टेक्सासात तुम्हाला मिळेलच असं नाही.

उत्पन्नाची मर्यादा केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के. जुलै २०२५ ते जून २०२६ साठी तिघांच्या कुटुंबाला ती वर्षाला ४९,३०३ डॉलर आहे आणि चौघांना ५९,४७८. हे उत्पन्न कर कापण्याआधीचं. गरोदर बाईच्या पोटातलं बाळ कुटुंबात मोजतात, म्हणजे नवरा-बायको दोघंच असलात तरी तुम्ही तिघे. नवरा पीएचडी करतोय, बायको डिपेंडंट व्हिसावर घरी आहे, अशी विद्यापीठांच्या गावांतली कितीतरी मराठी घरं या मर्यादेत सहज बसतात आणि त्यांना ते माहीत नसतं. घरात मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) चालू असेल, तर उत्पन्नाची अट बहुधा तिथेच पूर्ण धरली जाते.

व्हिसाची भीती ही दुसरी अडचण. विकसाठी नागरिकत्वाची अट नाही. २०२२ च्या नियमानुसार विकचा लाभ 'पब्लिक चार्ज' (सरकारी मदतीवर अवलंबून असलेली व्यक्ती) ठरवताना मोजला जात नाही. मात्र इमिग्रेशनचे नियम सरकारागणिक हलतात, त्यामुळे ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असेल तर तुमच्या वकिलाला एक ईमेल टाकून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून घाबरू नका.

वयाप्रमाणे दूध

*एक वर्षाच्या आत.* विक या वयात गाईचं दूध देत नाही. आईचं दूध, नाहीतर फॉर्म्युला. इथे घरोघरी खटका उडतो, कारण बाळंतपणाला आलेली आई किंवा सासूबाई सहाव्या-सातव्या महिन्यात 'वरचं दूध' सुरू करा म्हणतात, थोडं पाणी घालून. त्यांनी आपल्याला तसंच वाढवलं, हे खरं आहे. पण गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतं, शिवाय इतक्या लहान बाळाच्या आतड्यातून थोडं थोडं रक्त जाऊ शकतं आणि त्यातली प्रथिनं, क्षार कोवळ्या मूत्रपिंडाला जड जातात. पाणी घातल्याने लोह काही वाढत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणून बारा महिने पुरे होईपर्यंत पिण्याचं दूध म्हणून ते देऊ नका म्हणतात. सहा महिन्यांनंतर वरणभातात चमचाभर दही चालतं, आजीची हौस तिथे भागवावी.

*पहिल्या वाढदिवसापासून दुसऱ्यापर्यंत.* फक्त होल मिल्क, म्हणजे पूर्ण साईचं दूध. या वयात मेंदूची वाढ जोरात असते आणि मुलाला चरबी लागते. मुलाचं वजन फार वाढत असेल, तरच न्यूट्रिशनिस्ट २ टक्केवालं दूध देऊ शकते.

*दोन वर्षांनंतर, आणि आईसाठी.* सर्वसाधारणपणे १ टक्का किंवा फॅट-फ्री. आपल्या लोकांना हे पटत नाही. १ टक्क्याच्या दुधाचा चहा पांचट होतो, त्यावर साय धरत नाही आणि तुपाची तर आशाच सोडायची. पण त्यात कॅल्शियम आणि प्रथिनं होल मिल्कइतकीच असतात, कमी होते ती फक्त चरबी. मूल अशक्त असेल, वजन भरत नसेल किंवा आईचं वजन गरोदरपणात वाढत नसेल, तर ते भेटीत स्पष्ट सांगा. काही राज्यांत अशा कारणासाठी जास्त चरबीचं दूध देता येतं, काही परिस्थितींत डॉक्टरांचा फॉर्म लागतो. "आम्हाला आवडत नाही" हे कारण मात्र चालत नाही.

चॉकलेट, स्ट्रॉबेरी असलं चवीचं दूध २०२४ च्या नियमांनी बाद केलं. निरसं, पाश्चराइझ न केलेलं दूधही चालत नाही, शेतावरून कितीही ताजं मिळत असलं तरी. कंडेन्स्ड मिल्कचा डबा विकच्या यादीत शोधू नका.

किती मिळतं

रेशन कार्डावर असतो तसाच इथे महिन्याचा कोटा, फक्त तो क्वार्टमध्ये मोजलेला. एक क्वार्ट म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटर. चार क्वार्टचा एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या थोडा वर.

एप्रिल २०२४ मध्ये कृषी खात्याने नवे नियम काढले आणि राज्यांना ते लागू करायला बहुतांशी एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला महिन्याला १२ क्वार्ट, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला १४ आणि गरोदर किंवा बाळंतीण बाईला १६. पूर्वी हे आकडे मोठे होते. मुलाला १६, गरोदर बाईला २२ आणि फक्त अंगावर पाजणाऱ्या आईला २४ क्वार्ट मिळायचे. कपात झाली म्हणून बऱ्याच जणींनी कुरकुर केली. पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने दाखवून दिलं होतं की विकचं दूध काही गटांना पूरक आहारापेक्षा जास्त होतंय आणि भाज्या-फळांना पैसा कमी पडतोय. कपात करून तो पैसा तिकडे वळवला. मला हा बदल पटतो. मेथी, पालक, केळी यांच्यासाठी मुलामागे महिन्याला पूर्वी ९ डॉलर मिळत, आता त्याच्या दुपटीहून बरेच जास्त मिळतात.

रोजचा हिशेब मांडून पाहा. १२ क्वार्ट तीस दिवसांत वाटले, तर दिवसाला साधारण ३८० मिलिलिटर, म्हणजे दीड कपाच्या थोडं वर. १४ क्वार्टचे सुमारे ४४०, १६ चे जेमतेम अर्धा लिटर. दीड वर्षाच्या मुलाला दिवसाला दोन ते तीन कप दूध पुष्कळ झालं. त्याच्या पलीकडे गेलं की मूल जेवत नाही आणि लोह कमी पडून हिमोग्लोबिन घसरतं. रात्री बाटलीवर बाटली पिणारी मुलं क्लिनिकमध्ये बोटाला सुई टोचली की नेमकी यातच सापडतात. कोटा कमी वाटत असेल, तर आधी मूल खरंच किती पितंय ते मोजा.

बदली: इथे डोकं लावायचं

दुधाच्या कोट्यातला काही भाग दुसऱ्या वस्तूंत बदलून मिळतो. मुख्य दर असे:

- १ पौंड चीजसाठी ३ क्वार्ट दूध कमी होतं.
- १ क्वार्ट (३२ औंस) योगर्टसाठी १ क्वार्ट. नव्या नियमात महिन्याला २ क्वार्टपर्यंत योगर्ट घेता येतं.
- १ पौंड टोफूसाठी १ क्वार्ट.
- सोया मिल्क आणि लॅक्टोज-फ्री दूध क्वार्टला क्वार्ट.

चीजचा दर तीनचा आहे आणि दूध बहुतेक ठिकाणी गॅलन आणि अर्ध्या गॅलनमध्ये विकलं जातं, त्यामुळे शेवटी एक क्वार्ट लोंबकळत राहतो. समजा, आईच्या १६ क्वार्टमधून एक चीज आणि दोन योगर्ट घेतलं. उरले ११ क्वार्ट. दोन गॅलन, अर्धा गॅलन आणि वर एक क्वार्टचा डबा. हा क्वार्टचा डबा हव्या त्या चरबीचा, यादीतल्या ब्रँडचा, जवळच्या दुकानात मिळेलच याची खात्री नाही, आणि महिना संपला की तो बुडतो. त्यापेक्षा एक चीज आणि एकच योगर्ट घ्या. ३ आणि १ मिळून चार गेले, उरले १२, बरोबर तीन गॅलन. चार वर्षांच्या मुलाच्या १४ क्वार्टमधून नुसती दोन योगर्ट घेतली तरी तीन गॅलन सुटे उरतात. वर्षाच्या मुलाला चीज घ्यायचं तर सोबत एक योगर्ट घ्या, म्हणजे दोन गॅलन राहतात. हिशेब सोपा आहे. चीज घेतलंत, तर योगर्ट विषम संख्येत घ्या. राज्याने मर्यादा वेगळी ठेवली असेल तर हे गणित थोडं हलेल, पण न्यूट्रिशनिस्टला "कोटा पूर्ण गॅलनमध्ये बसेल असं करून द्या" म्हटलं की ती ओळखते.

आता खरा प्रश्न, योगर्ट घ्यावंच का? माझ्या मते, ज्या घरात विरजण लागतं त्या घराने दुधाच्या बदल्यात साधं योगर्ट घेऊ नये. दर सारखाच आहे, एक क्वार्टला एक क्वार्ट, आणि दही तुम्ही घरी लावताच. योगर्ट घ्यायचंच तर मूल दही खात नाही पण फळाच्या चवीचं खातं म्हणून घ्या, आणि लेबलवर वरून घातलेली साखर बघा. नव्या नियमात ती एका कपाला १६ ग्रॅमच्या वर असू नये. १६ ग्रॅम म्हणजेही चार चमचे साखर झाली, हे लक्षात असू द्या. बदली त्या वस्तूची करावी जी घरी होत नाही. चीज त्यात येतं, टोफूही. पनीर मात्र विकच्या यादीत सहसा नसतं, ते घरीच फाडायचं.

१ टक्क्याच्या दुधाचं दही पातळ लागतं, पण लागतं. दूध उकळी येईपर्यंत तापवा, दहा मिनिटं मंद आचेवर आटू द्या, बोट सोसेल इतकं कोमट झालं की विरजण घालून ढवळा. इथल्या थंडीत भांडं ओव्हनमध्ये ठेवायचं, ओव्हन बंद आणि फक्त आतला दिवा चालू. सकाळी घट्ट मिळतं. आणखी घट्ट हवं तर दुधाला दोन चमचे फॅट-फ्री दुधाची पावडर लावा. होल मिल्कचं दही अर्थात वेगळंच, पण ते दूध धाकट्याच्या नावाचं आहे, त्याला ते पुरलं पाहिजे.

पनीरसाठी लेबलवर 'अल्ट्रा-पाश्चराइझ्ड' लिहिलेलं दूध टाळा. फार उंच तापमानाला तापवलेलं असल्याने ते नीट फाटत नाही, लिंबू पिळत बसलं तरी पिठूळ गाळ हाती येतो. लॅक्टोज-फ्री आणि ऑरगॅनिक दूध बहुधा याच प्रकारचं असतं. १ टक्क्याचं पनीर थोडं रबरी होतं, भुर्जीला चालतं.

यादीत 'कल्चर्ड बटरमिल्क' दिसलं तर ते ताक समजून घेऊ नका. ते दाट, आंबट आणि बेकिंगला वापरायचं असतं. त्याची कढी होते, पण जेवणानंतर प्यायला ते आपलं ताक नव्हे.

दूध पचत नसेल तर

आपल्याकडे बऱ्याच जणांना मोठेपणी दूध पचत नाही. गरोदरपणात पोट फुगणं, गुरगुरणं वाढलं की बायका दूधच सोडतात आणि कॅल्शियमही जातं. लॅक्टोज-फ्री दूध मागा. ते खरं गाईचंच दूध असतं, फक्त त्यातली दूधसाखर आधीच फोडलेली असते. म्हणून ते किंचित गोड लागतं आणि चहात साखर कमी घालावी लागते. २०२४ च्या नियमांनी राज्यांना ते उपलब्ध करून देणं बंधनकारक केलं. दही त्याचंही लागतं.

सोया मिल्क प्राण्याचं दूध न घेणाऱ्यांसाठी किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी ठीक. विकमध्ये तेच सोया मिल्क चालतं ज्याच्या एका कपात ८ ग्रॅम प्रथिनं आणि २७६ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, शिवाय वरून घातलेली साखर १० ग्रॅमच्या आत. बदामाचं दूध, ज्याची आता घरोघरी फॅशन आहे, त्याच्या एका कपात प्रथिनं बहुधा एकच ग्रॅम असतात. म्हणून ते विकमध्ये बसत नाही, आणि वाढत्या मुलासाठी बसूही नये. ओट मिल्कचीही बहुतेक वेळा हीच गत.

मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे की नुसतं पचत नाही, यात फरक आहे. अंगावर गांधी उठणं, उलटी, धाप हे अ‍ॅलर्जीकडे जातं. तिथे लॅक्टोज-फ्री दूध अजिबात उपयोगाचं नाही, कारण प्रथिन तेच असतं. आधी डॉक्टर.

भेटीत काय बोलायचं

कागदपत्रं तीन प्रकारची लागतात. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा पुरावा (पगाराची स्लिप, विद्यापीठाचं स्टायपेंडचं पत्र किंवा मेडिकेडचं पत्र). मुलाचं लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. वजन-उंची मोजतात, हिमोग्लोबिन बघतात.

इंग्रजी बोलायला जड जात असेल, तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. तो फोनवर, फुकट मिळतो. हिंदी देतो म्हणाले आणि तुम्हाला चालत असेल तर हरकत नाही, पण नवऱ्याने प्रत्येक प्रश्नाला मध्ये बोलून उत्तर देणं टाळावं. बाळंतिणीचं दूध, स्तनांची दुखापत, मनाची अवस्था हे त्या बाईने स्वतः सांगायचं असतं.

दुधाबद्दल ती विचारेल, "मूल दिवसाला किती पितं?" कप दाखवून सांगा. "दोन बाटल्या" म्हणू नका, कारण तुमची बाटली २५० मिलिलिटरची असेल आणि तिच्या डोळ्यांसमोर १२० ची. मग तुम्ही स्वतःहून हे बोला: शाकाहारी आहोत, अंडी खात नाही किंवा खातो, दूध कुणाला पचत नाही, घरी दही लावतो, चीज लागतं का, कोटा पूर्ण गॅलनमध्ये हवा. अंडी न खाणाऱ्यांना त्याऐवजी डाळी, राजमा किंवा पीनट बटर मिळू शकतं, तेही याच भेटीत मागायचं. आणि निघण्याआधी महिन्याच्या कोट्याची छापील यादी घ्या.

दुकानात

कार्ड डेबिट कार्डासारखं, पिन असलेलं. एका घरातल्या सगळ्यांचा कोटा सहसा एकाच कार्डावर एकत्र येतो, पण होल मिल्क आणि १ टक्का यांच्या नोंदी वेगळ्या राहतात. घरात वर्षाचं मूल आणि गरोदर आई असेल, तर तीन गॅलन होल आणि चार गॅलन १ टक्का असं दिसेल. एकाची उरलेली नोंद दुसऱ्यासाठी वापरता येत नाही.

झाकणाच्या रंगावर जाऊ नका, रंग ब्रँडप्रमाणे बदलतात. लेबल वाचा. बऱ्याच राज्यांचं अ‍ॅप आहे, त्यात बारकोड स्कॅन केला की वस्तू चालते का ते शेल्फपाशीच कळतं. अनेक राज्यांत दुधाला दुकानाचा स्वस्त ब्रँडच चालतो. भारतीय किराणा दुकानं बहुधा विकची अधिकृत दुकानं नसतात, म्हणून दूध मोठ्या सुपरमार्केटातूनच.

काउंटरवर सगळ्यात आधी विकचं कार्ड लावा, मग बाकीचं पेमेंट. मंजुरी देण्याआधी स्क्रीनवरची यादी वाचा, कारण चुकून दुसरा गॅलन वजा झाला तर परत चढवणं कटकटीचं आहे. एखादी वस्तू नाकारली गेली तर वाद न घालता शेजारचा ब्रँड आणा, आणि ती खरंच यादीत असेल तर लेबलचा फोटो काढून क्लिनिकला पाठवा. पावतीवर उरलेला कोटा छापून येतो, ती पुढच्या खेपेपर्यंत जपा.

कोटा पुढच्या महिन्यात जात नाही. म्हणून सगळं दूध पहिल्या तारखेला उचलायचं असं नाही, आठवड्याला एक गॅलन हा बरा वेग. शेवटच्या आठवड्यात जास्त उरलं तर घ्या आणि डब्यात थोडी जागा सोडून फ्रीझरमध्ये ठेवा. वितळल्यावर ते जरा फुटल्यासारखं दिसतं, पिण्यापेक्षा खिरीला बरं. बाळंतिणीच्या अळिवाच्या खिरीला तर उत्तम. जादा दूध विकणं किंवा ऑनलाइन टाकणं मात्र गुन्ह्यात मोडतं, कार्ड बंद होतं.

राज्य बदलताना

पीएचडी संपली, दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, तर निघण्याआधी क्लिनिककडून 'व्हेरिफिकेशन ऑफ सर्टिफिकेशन' हा कागद मागून घ्या. तो दाखवला की नव्या राज्यात पुन्हा सगळी तपासणी न होता प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत लाभ चालू राहतो. जुनं कार्ड मात्र नव्या राज्यात चालत नाही, म्हणून निघण्याच्या आठवड्यात उरलेला कोटा संपवा. नव्या गावी पहिल्या भेटीत दूध, चीज, लॅक्टोज-फ्री हे सगळं पुन्हा एकदा सांगा, कारण तिथली यादी वेगळी असते आणि जुन्या क्लिनिकने केलेली बदली आपोआप तिकडे उतरत नाही.